ओम्नियमची चौथी शर्यत : उन्हातल्या एका ट्रॅक सायकलिंग दिवसाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका हौशी सायकलपटूचे आहे. वय ३७, नोकरी बँकेत, सायकलिंग दहा-बारा वर्षांपासून आणि त्यातली शेवटची चार वर्षे ट्रॅकवर. त्याच्या क्लबचा व्यवस्थापक म्हणून मी त्या दिवशी त्याच्यासोबत होतो, आणि पुढे ज्या निर्णयांची चर्चा केली आहे त्यांतले निम्मे माझे आहेत. हे सारे त्याच्या संमतीने लिहीत आहे. गाव, साल आणि ओळख पटेल असे इतर तपशील वगळले आहेत.

दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी छताखालचा २५० मीटरचा लाकडी वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक, बांधला गेला, पण आपल्याकडच्या बहुतेक हौशी सायकलपटूंच्या वाट्याला उघडा काँक्रीटचा ट्रॅकच येतो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी बांधलेला पुण्याजवळच्या बालेवाडीचा ट्रॅकही उघडाच आहे. उघड्या ट्रॅकचा आकार खोलगट परातीसारखा असतो. चहूबाजूंचे उतार ऊन पितात आणि मधल्या मैदानाकडे परत फेकतात. कडेच्या भिंतींमुळे वाराही अडतो. गावात ३९ अंश असले म्हणजे आतल्या मैदानातही तेवढेच असते असे समजणे, ही आमची पहिली चूक होती.

ज्या ट्रॅकवर हे घडले तो दख्खनच्या पठारावरचा, ३३३ मीटरचा आणि उघडा होता. दिवस एप्रिलअखेरचे. स्पर्धा ओम्नियमची, म्हणजे एकाच दिवसात चार शर्यती : स्क्रॅच (शेवटी रेषा सर्वांत आधी ओलांडणारा जिंकतो), टेम्पो (प्रत्येक फेरीत पुढे असणाऱ्याला गुण), एलिमिनेशन (ठराविक फेऱ्यांनी शेवटचा बाद) आणि शेवटी पॉइंट्स (ठराविक फेऱ्यांनी स्प्रिंट, म्हणजे रेषेपर्यंतची वेगाची चढाओढ, आणि तिचे गुण). पहिल्या तिन्ही शर्यतींत पहिल्या क्रमांकाला ४०, दुसऱ्याला ३८, तिसऱ्याला ३६ अशा उतरत्या क्रमाने गुण मिळतात, आणि चौथ्या शर्यतीत प्रत्यक्ष मिळवलेले गुण त्यांत मिळवले जातात. त्यामुळे चौथी शर्यत संपेपर्यंत कोणाचेच स्थान पक्के नसते. आमच्या दिवसाचा निकाल ज्या ओढीने ठरला, तिचे मूळ या रचनेत आहे.

वेळापत्रकानुसार पहिली शर्यत साडेआठला आणि शेवटची अडीचला होती. फोटोफिनिशच्या यंत्रणेत सकाळी अडचण आली आणि सगळे सुमारे पाऊण तास पुढे सरकले. प्रत्यक्षात एलिमिनेशन एक वाजून दहा मिनिटांनी आणि पॉइंट्स शर्यत तीन वाजून पंधरा मिनिटांनी सुरू झाली. पाऊण तासाचा उशीर इतर वेळी कोणी लक्षातही ठेवत नाही. एप्रिलमध्ये त्या पाऊण तासाने आमची शेवटची शर्यत दिवसातल्या सर्वांत तापलेल्या घटकेत नेऊन ठेवली.

समस्या

चारही शर्यतींचे अंतर जेमतेम सव्वीस किलोमीटर, आणि प्रत्यक्ष शर्यतीचा वेळ चाळीस मिनिटांच्या आत. मैदानावरचा मुक्काम मात्र सकाळी साडेसहापासून साडेतीनपर्यंत, म्हणजे नऊ तासांचा. आमची सगळी तयारी चाळीस मिनिटांची होती. उरलेल्या आठ तासांचा विचार आम्ही केलाच नव्हता. या प्रकरणात मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि बाकीचे तपशील त्याच्या पुष्टीसाठी आहेत.

शरीराचे गणित आधी मांडतो. सायकल चालवताना स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण वीस ते पंचवीस टक्केच पॅडलपर्यंत पोहोचते आणि बाकीची उष्णता होते. पॅडलवर २५० वॉट देणारा माणूस शरीरात जवळपास ९०० वॉट उष्णता तयार करत असतो. ती बाहेर काढण्याचा उन्हाळ्यातला मुख्य मार्ग म्हणजे घाम सुकणे, आणि घाम सुकायला वारा लागतो. ताशी ४२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला तो वारा आपोआप मिळतो. रोलरवर जागच्या जागी पॅडल मारणाऱ्याला तो अजिबात मिळत नाही.

आमचा सायकलपटू प्रत्येक शर्यतीआधी वीस मिनिटे रोलरवर शरीर गरम करत होता, कारण थंडीच्या स्पर्धांत त्याला तीच सवय लागली होती. पहिल्या दोन शर्यतींआधी तो मंडपाच्या सावलीत होता. सूर्य सरकला तशी सावलीही सरकली, आणि तिसऱ्या शर्यतीपासून त्याचे रोलर उन्हात आले. ते उचलून दोन मीटर आत घ्यायला अर्धे मिनिट लागले असते. दिवसभरात तो शर्यतीत जितका वेळ होता त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे ऐंशी मिनिटे, वाऱ्याशिवाय रोलरवर होता.

दुसरी गोष्ट पाण्याची. दिवसभरात त्याने जवळपास चार लिटर पाणी प्यायले, पण त्यात ओआरएसचे एकच पाकीट होते. घामाबरोबर मीठ जाते, आणि भरपाई नुसत्या पाण्याने केली तर रक्तातले सोडियम पातळ होत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते आणि त्यात २.६ ग्रॅम मीठ व १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. आमच्या सामानात अशी सहा पाकिटे होती. शिवाय त्याच्या आईने थर्मास भरून कैरीचे पन्हे दिले होते, मीठ-गूळ घातलेले, आणि ऊन लागू नये म्हणून बॅगेत एक कांदाही ठेवला होता. पोट जड होईल या भीतीने त्याने पन्ह्याला हात लावला नाही. संध्याकाळी मी तो थर्मास उघडला तेव्हा पन्हे काठोकाठ होते. ज्या मिठाची त्याला गरज होती ते दिवसभर त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर होते.

तिसरी गोष्ट सवयीची. तो रोज पहाटे पाचला सराव करतो आणि दिवसभर वातानुकूलित शाखेत बसतो. उन्हाला शरीर सरावायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात रक्तातले द्रव वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. एप्रिल संपत आला तरी आमच्या खेळाडूचे शरीर फेब्रुवारीतच होते.

कोरड्या हवेबद्दलचा आमचा समजही इथे नोंदवायला हवा. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात माणूस घामाने चिंब होतो आणि सावध होतो. पठारावर घाम सुटताक्षणी सुकतो, अंग कोरडे वाटते आणि फार पाणी गेलेले नाही असे वाटते. त्या दुपारी हवेत २० टक्के आर्द्रता धरली, तर ओल्या फडक्याच्या तापमापकावर सुमारे २२ अंश येतात. उन्हातल्या काळ्या गोळ्याचे तापमान ५५ धरले, तर ओल्या फडक्याच्या आकड्याला ७० टक्के, काळ्या गोळ्याच्या आकड्याला २० टक्के आणि हवेच्या तापमानाला १० टक्के अशा भारांकाने काढलेला उष्णता निर्देशांक तीसच्या वर जातो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०२४ मध्ये आणलेल्या उष्णताविषयक कार्यपद्धतीत २८ च्या पुढचा पट्टा लाल मानला आहे. हे गणित मी नंतर केले. त्या दिवशी माझ्या मोबाइलवर ‘३९, आकाश निरभ्र’ एवढेच होते आणि मी तेवढ्यावर समाधान मानले.

पहिल्या तीन शर्यती

स्क्रॅचमध्ये तो तिसरा आला, टेम्पोत पाचवा आणि एलिमिनेशनमध्ये चौथा. ३६, ३२ आणि ३४ मिळून १०२ गुण झाले आणि तो एकूणात तिसरा होता. पहिल्याचे ११४, दुसऱ्याचे १०६ आणि चौथ्याचे १०० गुण होते.

या तीन शर्यतींदरम्यान घेतलेला एक निर्णय बरोबर होता. ट्रॅकच्या सायकलीचे ट्युब्युलर टायर रिमला गोंदाने चिकटवलेले असतात, आणि तापलेल्या रिमवर गोंद मऊ पडतो. साडेबाराच्या सुमारास आमच्या मेकॅनिकने उन्हात टेकवून ठेवलेल्या सायकलीच्या मागच्या चाकाला अंगठ्याने बाजूने दाब दिला आणि टायरची कड किंचित सरकली. सकाळी १४० पीएसआय भरलेली हवा त्या वेळी १५० च्या वर दाखवत होती. त्याने एक शब्द न बोलता चाक बदलले आणि दोन्ही सायकली ओल्या चादरीखाली सावलीत ठेवल्या. उतारावर टायर रिमवरून सुटला असता तर सायकलपटू मागच्या चार-पाच जणांना घेऊन पडला असता. सायकल सावलीत गेली आणि सायकलपटू उन्हात रोलरवर राहिला, ही विसंगती मात्र आम्हा तिघांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही.

चौथ्या शर्यतीपूर्वी तपासलेले पर्याय

पावणेतीन वाजता मी त्याच्याशी बोललो. डोके जड आहे आणि मळमळल्यासारखे होते आहे, असे तो म्हणाला. पण ते एलिमिनेशनमधल्या जोरामुळे असेल, हेही त्यानेच जोडले. आमच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली वाट पूर्ण ताकदीने उतरून दुसऱ्या क्रमांकासाठी खेळण्याची. तिच्या बाजूने त्याने एक खरा मुद्दा मांडला : गरम हवा विरळ असते, त्यामुळे सायकल वेगाने जाते. ४० अंशांना हवा २० अंशांपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते हे बरोबर आहे, आणि एकट्याने वेळेविरुद्ध धावायचे असते तर त्याला वजनही होते. पण इथे अठरा जण एकाच हवेत होते. विरळ हवेचा फायदा सगळ्यांना सारखाच होता आणि तापलेल्या शरीराचा तोटा एकट्या त्याचा होता. हे उत्तर मला तेव्हा सुचले नाही.

दुसरी वाट फक्त चौथ्या क्रमांकाच्या सायकलपटूच्या मागे राहून तिसरे स्थान राखण्याची. तिसरी, शर्यत न खेळण्याची. त्या स्पर्धेच्या नियमांनुसार एक शर्यत न खेळणाऱ्याचे नाव अंतिम क्रमवारीतून जात होते, म्हणजे दिवसभराची मेहनत शून्य होत होती. चौथी, शर्यत पाच वाजेपर्यंत पुढे ढकलावी अशी पंचांना विनंती करण्याची. ती मी मनात आणली आणि सोडून दिली. आधीच उशीर झालेला, बाहेरगावच्या संघांच्या गाड्या ठरलेल्या, आणि ‘एकट्या आपल्याच खेळाडूसाठी कसे म्हणायचे’ असा संकोच. दोन दिवसांनी मी इतर तीन व्यवस्थापकांना विचारले, तेव्हा त्या तिघांच्याही मनात तेच होते आणि तिघेही याच संकोचाने गप्प बसले होते.

आम्ही दुसरी वाट निवडली. मधला मार्ग म्हणून ती शहाणपणाची वाटली. परंतु पॉइंट्स शर्यतीत ‘सांभाळून खेळणे’ असे काही उरत नाही. दर सहा फेऱ्यांनी स्प्रिंट असतो आणि ज्याच्या मागे राहायचे तो जोर लावतो तेव्हा आपल्यालाही लावावाच लागतो. शिवाय निर्णयासाठी लागणारी सर्वांत सोपी मोजणी आम्ही केली नव्हती. सकाळी त्याचे वजन ७१.४ किलो होते. वजनकाटा गाडीच्या डिकीत होता आणि गाडी फाटकाबाहेर होती. संध्याकाळी सुमारे एक लिटर ओआरएस प्यायल्यानंतर वजन ६९.९ भरले, म्हणजे शर्यतीच्या अखेरीस तो अडीच किलोने, जवळपास साडेतीन टक्क्यांनी, कमी झाला होता. यातली बरीच घट तिसऱ्या शर्यतीपर्यंतच झाली असणार. दोन टक्क्यांच्या पुढे गेलेला आकडा पावणेतीन वाजता समोर असता तर मी त्याला उतरू दिले नसते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मानेवर बर्फ ठेवायचे ठरले होते, पण सकाळी आणलेली लादी उघड्या घमेल्यात ठेवल्यामुळे एकपर्यंत वितळून गेली होती.

प्रत्यक्ष घटना

शर्यत तीस फेऱ्यांची होती. सहाव्या फेरीच्या स्प्रिंटमध्ये तो तिसरा येऊन दोन गुण, बाराव्या फेरीला दुसरा येऊन तीन गुण. इथपर्यंत तो बेताप्रमाणेच, किंबहुना बेताहून चांगला खेळला.

चौदाव्या फेरीत तो अचानक उतारावर आखलेल्या निळ्या रेषेच्या वर गेला आणि उतारावरून खाली झेपावत एकटाच सुटला. माझ्या शेजारचा टाळ्या वाजवू लागला. गटाला एक पूर्ण फेरी मागे टाकली तर वीस गुण मिळतात, त्यामुळे ही चाल असू शकत होती. मीही ती चालच समजलो आणि याच समजुतीत दोन फेऱ्या गेल्या. स्प्रिंटच्या आधीच्या फेरीला घंटा होते. ती सतराव्या फेरीला व्हायची होती. त्याने पंधराव्या फेरीअखेर रेषेवर सायकल पुढे ढकलली, जसे स्प्रिंट जिंकताना ढकलतात, आणि मग मान खाली घातली. घंटा झालीच नव्हती.

पुढच्या फेरीला मी हाताने खूण केली. नेहमी तो बोट उचलून उत्तर देतो. या वेळी त्याने माझ्याकडे पाहिले आणि ओळख नसल्यासारखा पुढे गेला. त्याच्या दंडांवर मिठाचा पांढरा थर होता आणि घामाचा थेंब दिसत नव्हता. वळणावर तो मागे न बघता खाली सरकला; मागून येणाऱ्या सायकलपटूने हिसका देऊन सायकल वर घेतली म्हणून धडक टळली. त्या क्षणी मी पंचांकडे धावलो आणि त्याला बाहेर काढायला सांगितले.

ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो आणि फिक्स्ड गिअरमुळे पाय थांबवता येत नाहीत. चाक फिरते तोवर पॅडल फिरतच राहते. भान हरपलेल्या माणसाला ती सायकल थांबवता येत नाही. तो आतल्या सपाट पट्टीवर आल्यावर मेकॅनिक आणि दुसऱ्या संघाचा एक मुलगा दोन्ही बाजूंनी धावले. एकाने सीट पकडली, दुसऱ्याने हँडल, आणि तीस-चाळीस मीटर फरपटत जाऊन त्यांनी सायकल थांबवली. बूट पॅडलमधून मी काढले. त्याच्या हातावर काटा आला होता, एवढ्या उन्हात. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “सर, घंटा झाली ना?”

केलेली कार्यवाही

त्याला सावलीत आडवे करून पाय उंचावले, हेल्मेट काढले आणि शर्यतीचा पोशाख कमरेपर्यंत उतरवला. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार सरळ त्याच्या अंगावर ओतला. फाटकाजवळच्या रसवंतीवाल्याने विचारपूस न करता अर्धी लादी बर्फ आणि गोणपाट दिले. बादलीत बर्फ-पाणी करून सहा पंचे भिजवले आणि मान, काखा, जांघा, छाती यांवर ठेवून दर मिनिटा-दोन मिनिटांनी बदलत राहिलो. एक जण पुठ्ठ्याने सतत वारा घालत होता.

रुग्णवाहिका शंभर मीटरवर होती. तिच्यातल्या परिचारिकेने काखेत थर्मामीटर लावले, ते ३८.१ अंश दाखवत होते, आणि लगेच हलवू या असे तिने सुचवले. इथे दुसऱ्या संघासोबत आलेल्या एका डॉक्टर पालकाने निर्णय घेतला : आधी थंड करायचे, मग हलवायचे. श्रमाने चढलेल्या उष्म्यात काखेचे तापमान शरीराच्या आतले तापमान सांगत नाही, विशेषतः अंगावर नुकतेच पाणी ओतले असताना. भान गेले आहे हे लक्षण थर्मामीटरपेक्षा महत्त्वाचे मानायचे आणि उष्माघात समजूनच वागायचे. आतले तापमान पहिल्या अर्ध्या तासात खाली आणले तर जिवाचा धोका बराच घटतो. भान नीट येईपर्यंत तोंडाने काही पाजायचे नाही, हेही त्यांनीच बजावले.

बारा-पंधरा मिनिटांनी त्याने स्वतःचे नाव, वार आणि स्पर्धा नीट सांगितली. त्यानंतर रुग्णवाहिकेने रुग्णालयात नेले.

परिणाम

रक्तातले सोडियम १३३ आले. सामान्य पातळी १३५ ते १४५ असते. मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या ठीक होत्या. सलाइन आणि काही तासांच्या निरीक्षणानंतर रात्री त्याला घरी सोडले. उष्माघाताच्या उंबरठ्यावरून परत आला, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. दोन आठवडे सराव बंद आणि पुढचे दोन आठवडे फक्त पहाटेचा हलका सराव, असा सल्ला होता आणि तो त्याने पाळला. क्रमवारीत त्याचे नाव आले नाही. ज्याला धक्का बसता बसता राहिला त्या सायकलपटूची त्याने दुसऱ्या दिवशी भेट घेऊन माफी मागितली.

निर्णयांकडे पुन्हा पाहताना

पावणेतीनचा निर्णय चुकला हे उघड आहे, पण तो तेव्हा चुकला असे मला वाटत नाही. रोलर उन्हात राहिले तेव्हा, बर्फ उघडा ठेवला तेव्हा आणि वजनकाटा गाडीत सोडला तेव्हा तो चुकत गेला. पावणेतीन वाजता आमच्या हाती फक्त त्याचा शब्द होता, आणि तिसऱ्या क्रमांकावर असलेला माणूस आपल्या प्रकृतीबद्दल निःपक्षपाती राहू शकत नाही. मीही नव्हतो. म्हणून थांबवण्याचा अधिकार अशा माणसाकडे असावा ज्याला निकालाशी देणेघेणे नाही. आमच्या क्लबात आता तो मेकॅनिककडे आहे.

पहिली शर्यत सोडल्यास उन्हाळ्यात वीस मिनिटांच्या रोलरची गरज नसते. स्नायू आधीच गरम असतात, सात-आठ मिनिटे, सावलीत आणि पंख्यासमोर, पुरतात. दोन शर्यतींच्या मध्ये ओला पंचा, मीठ असलेले पेय आणि वजन, या तीन गोष्टी शर्यतीच्या डावपेचांआधी याव्यात. बर्फ थर्माकोलच्या पेटीत आणि दुपारसाठी वेगळा ठेवावा.

ज्या दोन फेऱ्या मी चाल समजून वाया घालवल्या त्यांचे उत्तर मला अजून पूर्ण सापडलेले नाही. ट्रॅकवर धाडस आणि भ्रम बाहेरून सारखेच दिसतात. आम्ही एक उपाय सुरू केला आहे : ठरलेल्या दोन खुणांना खेळाडूने बोट उचलून उत्तर दिले नाही तर तिसऱ्या फेरीला त्याला बाहेर काढायचे, मग तो कोणत्याही क्रमांकावर असो. हा नियम कधीतरी एखादी चांगली चाल वाया घालवील, हे मान्य करूनच तो केला आहे.

पुढच्या वर्षी आम्ही चार क्लबांनी मिळून आयोजकांना पत्र दिले. शर्यती सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर अशा विभागल्या गेल्या. त्या स्पर्धेआधी आमच्या सायकलपटूने दोन आठवडे रोज दुपारी चारला तासभर हलकी सायकल चालवली. तो सहावा आला. दुसऱ्या शर्यतीनंतर त्याने स्वतःच वजनकाटा मागून घेतला, आकडा वहीत लिहिला आणि पन्ह्याचा थर्मास उघडला.